हातांचे संवाद, आवाजाची साथ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या हौशी गटात आठ कलाकार आहेत, त्यांतले तिघे कर्णबधिर. सांकेतिक भाषा आणि बोलणं दोन्ही असलेलं नाटक करायचं आहे. कोपऱ्यात दुभाषी उभा केला तर चालेल का?

उत्तर : तीन कर्णबधिर नट हाताशी असताना तो मार्ग धरू नका. दुभाषी कोपऱ्यात असला की प्रेक्षकाला एक तर नट दिसतो, नाही तर दुभाषी. नजर सतत इकडून तिकडे पळते आणि अभिनय निसटतो. त्यापेक्षा संवाद कर्णबधिर नटांच्या हातांत द्या आणि त्यांचा आवाज दुसऱ्या नटाकडे सोपवा. अमेरिकेत १९६७ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल थिएटर ऑफ द डेफने हीच पद्धत रुजवली : भूमिका खुणांतून साकारायच्या आणि त्यांना आवाज देणारे नटही त्याच रंगमंचावर असायचे.

आवाज कुठून यावा, हा खरा दिग्दर्शनाचा प्रश्न आहे. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरच्या ‘बिग रिव्हर’ या संगीतिकेत (न्यूयॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी, २००३) दोन उत्तरं एकाच प्रयोगात दिसली. नायक हकची भूमिका कर्णबधिर नटाने केली आणि त्याचा आवाज मूळ कादंबरीचा लेखक मार्क ट्वेन साकारणाऱ्या नटाने दिला. गोष्ट सांगणाराच तो असल्यामुळे आवाजाला कारण मिळालं. हकच्या बापाची भूमिका मात्र एक कर्णबधिर आणि एक ऐकू येणारा असे दोन नट मिळून करत होते. याच संस्थेच्या ‘स्प्रिंग अवेकनिंग’मध्ये (ब्रॉडवे, २०१५) नायिकेचा आवाज तिच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखा समोर आला.

तुमच्या गटासाठी आमचा सल्ला असा : निदान दोन, शक्यतो तीन आवाज ठेवा. एकमेकांशी बोलणाऱ्या दोन पात्रांचा आवाज एकाच नटाला कधीच देऊ नका. सांकेतिक भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकाला कोण बोलतंय ते समजत नाही आणि तो हातांकडे बघायचं सोडून आवाजाचा माग काढत बसतो.

प्रश्न : संहितेचं सांकेतिक भाषेत भाषांतर कसं करायचं? शब्दाला खूण लावत गेलो तर कर्णबधिर नट म्हणतात, हे काही कळत नाही.

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. भुवया, मान, नजर हेही व्याकरणच असतं. शिवाय या भाषेत माणसं आणि वस्तू अवकाशात ‘ठेवता’ येतात. आईला उजवीकडे ठेवलं की पुढे नुसतं तिकडे बोट केलं तरी आई कळते. शब्दाला शब्द लावला की हे सगळं गळून पडतं.

भाषांतराचं काम सांकेतिक भाषा ही पहिली भाषा असलेल्या व्यक्तीकडे द्या. दिग्दर्शक आणि दुभाषी सोबत हवेत, पण शेवटचा शब्द त्या व्यक्तीचा. आधी प्रसंगाचा अर्थ आणि पात्राचा हेतू बोलून घ्यायचा. मग मराठी कागद बाजूला ठेवून खुणांत प्रसंग करून बघायचा. पटला की समोरून, डोक्याच्या थोडं वरपासून कमरेपर्यंत दिसेल असा व्हिडिओ घ्यायचा. हा व्हिडिओ हीच तालमीची संहिता. कागदावर लिहिलेल्या खुणांच्या याद्यांवरून पाठांतर करू नका, त्यांत चेहरा आणि जागा दोन्ही हरवतात. प्रवेशागणिक वेगळी फाइल ठेवा आणि बदल झाला की जुनी लगेच काढून टाका. नाही तर दोघे दोन वेगळ्या आवृत्त्या पाठ करून येतात.

भाषांतर पक्कं झाल्याशिवाय हालचाली बसवू नका. आई उजवीकडे ठेवली आणि दिग्दर्शकाने ती पात्र म्हणून डावीकडून आणली, तर आधीचे सगळे संवाद चुकतात.

विनोदाकडे वेगळं लक्ष द्या. खुणांत विनोदाची कळ वाक्याच्या सुरुवातीला उलगडली आणि आवाजात शेवटी, तर अर्धं प्रेक्षागृह आधी हसतं आणि उरलेल्यांना कारण कळत नाही. अशा ठिकाणी मराठी वाक्य फिरवा. शब्दांवरची कोटी मात्र सोडून द्यावी लागते. तिच्या जागी एकाच हाताकृतीच्या दोन खुणांचा खेळ कर्णबधिर नटच सुचवतील, आणि तो बहुधा मूळ कोटीपेक्षा सरस असतो.

प्रश्न : ऐकू येणाऱ्या नटांनी एकाच वेळी बोलायचं आणि खुणाही करायच्या, हे जमतं का?

उत्तर : रोजच्या बोलण्यात फारसं नाही. तोंड मराठीच्या क्रमाने पळतं आणि हात मागे पडतात, खुणा गाळल्या जातात, चेहरा कोरा होतो. रंगमंचावर वाक्यं ठरलेली असल्यामुळे हे साधता येतं, पण क्रम पाळावा लागतो. आधी संवाद पूर्ण शांततेत, फक्त खुणांत पाठ करा. तो कर्णबधिर सहकाऱ्याला नीट कळला की मगच आवाज जोडा, आणि अडलं तर मराठी बदला, खुणा नव्हे. मराठीत शब्दक्रम बराच लवचिक आहे, त्याचा फायदा घ्या. ‘काल तू कुठे गेला होतास?’ऐवजी ‘काल तू गेला होतास कुठे?’ म्हटलं की प्रश्नाची खूण आणि प्रश्नाचा शब्द एकत्र येतात आणि वाक्याची धारही वाढते.

जोडीने काम करणाऱ्या आवाजालाही हाच नियम : लय हातांची, आवाज मागून. आवाज पुढे गेला की खुणा करणारा नट त्याला गाठायला घाई करतो आणि खुणा अर्धवट सुटतात. आवाज देणाऱ्याला निदान आपल्या जोडीदाराचे सगळे संवाद खुणांतून समजले पाहिजेत. नुसता शेवटचा हात बघून बोलणाऱ्याचं, जोडीदार एक वाक्य विसरला की, पूर्ण पान कोसळतं. गाण्यात मात्र लय संगीताची असते, तिथे कर्णबधिर नटाला मात्रा मोजून द्याव्या लागतात.

प्रश्न : कर्णबधिर नटाला क्यू, म्हणजे ‘आता तुझी पाळी’ हा इशारा, कसा द्यायचा? आम्ही जमिनीवर पाय आपटतो, पण कधी कळतं, कधी नाही.

उत्तर : लाकडी, आतून पोकळ मंचावर कंपन चांगलं पोचतं, काँक्रीटवर जवळजवळ नाहीच. शिवाय नट चालत असेल तर पायाला काहीच जाणवत नाही. म्हणून कंपनावर एकही महत्त्वाचा क्यू ठेवू नका. ढोलाचं कंपन भाव जागवायला उत्तम आहे, नेमकी वेळ सांगायला नाही.

भरवशाचे क्यू तीन : नजरेत येणारी हालचाल, स्पर्श आणि दिवा. हालचाल नाटकातलीच असावी. समोरचा पेला खाली ठेवतो, खांदे वर करून श्वास घेतो, मान वळवतो. ती रोज त्याच शब्दावर आणि त्याच जागी झाली पाहिजे. ऐकू येणारे नट इथेच चुकतात : आज हात वर, उद्या नुसती मान. क्यू देणारा कधीही नटाच्या पाठीमागे नको. पाठमोरा प्रसंग असेल तर शेजारून जाताना खांद्याला किंवा कोपराला स्पर्श द्या, तोही पात्राच्या स्वभावात बसणारा. विंगेतून एंट्रीसाठी नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर छोटा दिवा लावा : पेटला की तयार, विझला की जा.

प्रत्येक क्यूला एक पर्याय ठरवून ठेवा. दिवा पेटलाच नाही तर काय, हे तालमीत दिवा मुद्दाम बंद ठेवून करून बघा.

प्रश्न : प्रकाश आणि कपड्यांत नेमकं काय पाळायचं?

उत्तर : चेहरा आणि हात एकाच वेळी, सावलीशिवाय दिसले पाहिजेत. समोरून दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवरून उबदार पांढरा प्रकाश, आणि सावली भरायला समोरून थोडा मंद. नुसत्या डोक्यावरच्या दिव्याने डोळे आणि ओठ काळे पडतात. मागून तीव्र प्रकाश आला तर फक्त बाह्याकृती उरते, भुवया दिसत नाहीत आणि प्रश्न की विधान ते कळत नाही. गडद लाल-निळा, झगमगणारा आणि नक्षी टाकणारा प्रकाश संवादाच्या वेळी बंद. शेवटची खूण पूर्ण होऊन एक क्षण गेल्याशिवाय ब्लॅकआऊट करू नका. प्रकाश चालवणारा आवाजाच्या शेवटावर हात ठेवून बसतो आणि हातांचं वाक्य अंधारात कापलं जातं, म्हणून त्याचा क्यू खुणेवर लिहा.

कपडे एकरंगी आणि नटाच्या त्वचेच्या रंगाशी विरोध साधणारे असावेत. पट्टे, ठिपके, चकचकीत कापड नको. बाही मनगटाच्या खाली येऊ नये. अंगठ्या, बांगड्या, भरगच्च रंगवलेली नखं, ओठ झाकणाऱ्या मिशा टाळा. पडदाही साधा, न चमकणारा.

हातात वस्तू असली की बोलणं अडतं, हे दिग्दर्शक हमखास विसरतात. पेटी, छत्री, पत्र : प्रत्येक वस्तू संवादाआधी कुठे ठेवायची ती जागा ठरवा, किंवा ओळ एका हाताने बोलता येईल अशी बसवा. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांना प्रेक्षकांकडे अर्धवट वळवून उभं करा. तिसरं पात्र त्यांच्या मधून गेलं तर वाक्य पुसलं जातं.

प्रश्न : कर्णबधिर प्रेक्षकांना ओठ वाचता येतात ना? मग सगळ्याच संवादांना खुणा कशाला?

उत्तर : ओठांवर थोडंच दिसतं. प, ब आणि म ओठांवर जवळजवळ एकसारखे. क आणि ग तर घशाकडे होतात, दिसतच नाहीत. त्यात रंगमंचाचं अंतर आणि वळलेली मान. ओठ वाचण्यावर विसंबलेलं नाटक कर्णबधिर प्रेक्षकासाठी तुकड्यांत होतं. सगळे संवाद खुणांत हवेत, विंगेतून येणारी हाकसुद्धा.

प्रश्न : कर्णबधिराची भूमिका ऐकू येणाऱ्या नटाने खुणा शिकून केली तर?

उत्तर : आमचं मत स्पष्ट आहे : करू नये. काही महिन्यांत पाठ केलेल्या खुणा कर्णबधिर प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात परक्या वाटतात. नट मिळत नाहीत ही सबबही टिकत नाही. फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अभिनेत्रीने १९८० मध्येच नाटकातील प्रमुख भूमिकेसाठी अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवला होता.

प्रश्न : प्रेक्षकांना कुठे बसवायचं?

उत्तर : कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मधल्या रांगा, मधोमध राखून ठेवा. अगदी पहिल्या रांगेतून मान वर करून बघावं लागतं आणि मंचाची कड हात झाकते. कडेच्या खुर्च्यांवरून अर्धा चेहरा दिसतो. तालमीत कोणाला तरी प्रत्येक कोपऱ्यात बसवून एक-एक प्रवेश बघायला सांगा आणि ज्या खुर्चीवरून हात दिसत नाहीत तिचं तिकीट विकू नका.