‘काहीही हं श्री’ हे नक्की आलं कुठून?

झी मराठीवर २०१३ ला ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली ना, त्यातलं. जान्हवी म्हणजे तेजश्री प्रधान, आणि श्री म्हणजे शशांक केतकर. तो काही गोड-गोड बोलला की ही लाजून, मान वाकडी करून ‘काहीही हं श्री!’ म्हणायची, बस एवढंच, विनोद वगैरे नव्हताच तो, पण रोज रोज ऐकून लोकांनी त्याची थट्टा सुरू केली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर जोक फिरायला लागले आणि सिरीयल संपली तरी वाक्य काही संपलं नाही. आमच्या नौपाड्यात आजही भाजीवाल्याने मेथीचा भाव सांगितला की आई म्हणते ‘काहीही हं श्री’, त्या बिचाऱ्याचं नाव श्री नाहीये.

‘दया, दरवाजा तोड दो’ सीआयडीचं, ते सगळ्यांना माहितीच आहे.

पण खरी गंमत ‘दार उघड बये’ची. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ कार्यक्रमामुळे (२००४ ला सुरू झालेला, आदेश बांदेकर, पैठणी!) घराघरात पोचलं, पण मूळ बघायला गेलात तर थेट एकनाथांच्या भारुडात, ‘बया दार उघड’ अशी देवीला घातलेली हाक आहे ती. बांदेकरांनी ती वहिनींच्या दारावर नेली.