आजीला आपण ओळखू येत नाही, आवाज मात्र येतो. हे शिकायचं कुठे?

प्रश्न : मी बार्शीला अकरावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. दोन वर्षांपूर्वी आजीला मेंदूचा झटका आला. तिला नीट दिसतं, पेपरही वाचते. पण आम्ही समोर उभे राहिलो तर कोण ते कळत नाही. ‘आजी’ म्हटलं की लगेच ओळखते. एकदा मी आईची साडी नेसून गप्प उभी राहिले, तर तिनं मला आईच्या नावानं हाक मारली. असं का होतं, यावरच मला काम करायचंय. घरचे म्हणतात, नीट दे, बी.एस्सी. करून काय मिळणार?

उत्तर : आधी साडीबद्दल बोलू. चेहऱ्यावरून कळेना, तेव्हा आजीनं साडी, उंची, उभं राहायची ढब यांवरून अंदाज बांधला. तू फार मोलाची गोष्ट पाहिलीस. पण तिला न सांगता पुन्हा असं करू नकोस. आपण लेकीसुनांनाही चुकतो हे कळलं की म्हातारं माणूस आतून खचतं. त्यापेक्षा घरात सगळ्यांना सांग, खोलीत शिरताना आधी बोलायचं.

आजीला नेमकं काय झालंय ते तिचे न्यूरॉलॉजिस्टच सांगतील. तू लिहिलंस तसा त्रास 1947 मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी नोंदवला आणि त्याला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिलं. पुढे 1997 मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयमध्ये, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूच्या स्कॅनमध्ये, दाखवलं, की चेहरा पाहताना मेंदूच्या तळाचा एक छोटा भाग, बहुतेकांत उजवीकडचा, खास काम करतो. माणसाच्या आवाजाला असाच प्रतिसाद देणारा भाग पास्कल बेलँ यांच्या गटाला 2000 मध्ये सापडला, तो कानशिलाच्या आत, जरा वर. पुढच्याच वर्षी पॉल डाउनिंग यांनी शरीराच्या आकाराला प्रतिसाद देणारा भाग दाखवला. आता रक्तपुरवठा बघ. चेहऱ्याच्या भागाला रक्त मुख्यतः मेंदूच्या मागच्या रक्तवाहिनीतून मिळतं, आवाजाच्या भागाला मधल्या. एक तुंबली तरी दुसरी चालू राहू शकते. म्हणून चेहरा हरवतो आणि ‘आजी’ ही हाक पोचते.

नीट देण्यात वाईट काही नाही. रोज रुग्ण बघायची ओढ असेल तर एमबीबीएस, मग एमडी, मग न्यूरॉलॉजीचं डीएम. सगळं सरळ झालं तरी साडेअकरा वर्षं. पण तुझ्या पत्रात मला उपचारापेक्षा ‘का’ जास्त दिसला. त्या ‘का’साठी डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या आपल्याकडच्या मुलांवर शस्त्रक्रिया करून, नव्यानं दिसू लागल्यावर ती चेहरे कशी शिकतात, हे अभ्यासणारे ‘प्रोजेक्ट प्रकाश’चे पवन सिन्हा मूळचे आयआयटी दिल्लीचे कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत.

तुझ्यासाठी मला पुण्याच्या आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र, योग्य वाटतो. त्यानंतर पीएच.डी.साठी बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्था) न्यूरोसायन्सचं केंद्र आहे, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे जागा मिळाली की दरमहा फेलोशिप मिळते, हे बाबांना मुद्दाम सांग. आयसर हुकलं तर साधी बी.एस्सी. किंवा मानसशास्त्रातली बी.ए. करून आयआयटी गांधीनगरच्या कॉग्निटिव्ह सायन्सच्या (मन आणि मेंदू कसं काम करतात त्याचं शास्त्र) एम.एस्सी.ला अर्ज करता येतो; त्या वर्गात वेगवेगळ्या शाखांची मुलं असतात. घरच्यांना नोकरीची फार काळजी असेल तर बीएएसएलपी बघा, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर उपचार करण्याची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि मैसूरची वाक् व श्रवण संस्था, दोन्ही नावाजलेल्या. झटक्यानंतर बोलणं गेलेल्या माणसांबरोबर काम करायला हीच मंडळी लागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती फार कमी आहेत.

माझी खरी काळजी तुझ्या गणिताची आहे. आयसरच्या परीक्षेत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचे असतात, आणि मेंदूचं स्कॅन म्हणजे शेवटी आकडेच. अकरावीतच आहेस, तेव्हा कॉलेजला पीसीएमबी, म्हणजे जीवशास्त्राबरोबर गणितही, घेता येईल का ते याच आठवड्यात विचार. नाहीच जमलं तर गणिताची पुस्तकं घरी सोडवायला घे.

आणि एक वही कर. आजीनं आज कुणाला कशावरून ओळखलं, बांगड्यांवरून, चालीवरून, खोकल्यावरून, एवढंच तारीख घालून लिही. पुढच्या वेळी आजीला दाखवायला नेताना ती वही डॉक्टरांना दे.