चंद्र रेखाटण्याआधी तिथी पाहावी

सातारा

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले पौर्णिमेच्या चंद्राचे चित्र मिळाले. चित्र नेटके आहे. परंतु चंद्राचा पृष्ठभाग रेखाटण्यासाठी पौर्णिमेइतका गैरसोयीचा दिवस दुसरा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्या रात्री सूर्यप्रकाश आपल्या पाठीकडून थेट चंद्रावर पडत असल्यामुळे सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे तेवढे उत्तम दिसतात, पण कडे, डोंगर आणि विवरांची खोली यांचा मागमूस राहत नाही. चंद्रावरचा उंचसखलपणा पाहायचा तो उजेड आणि अंधार यांच्या सीमेलगत, जिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि दोनशे मीटरच्या उंचवट्याचीही सावली काही किलोमीटर लांब पडते.

ही सीमा कोणत्या दिवशी कुठे असेल, हे ठरवायला घरातले पंचांग पुरेसे आहे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, आणि तेवढ्याच काळात ही सीमा चंद्राच्या रेखांशांवर सुमारे १२ अंश पश्चिमेला सरकते. (चंद्रावरची पूर्व म्हणजे आपल्या आकाशातली पश्चिमेकडची बाजू, एवढे ध्यानात ठेव.) अमावास्येला ९० अंश पूर्वेवर असलेली सीमा शुक्ल पंचमी संपताना ३० अंश पूर्वेच्या आसपास येते. म्हणून पंचमी-षष्ठीला थिओफिलस हे विवर, अष्टमीला टॉलेमियस, अल्फोन्सस आणि आर्झाकेल ही एकाखाली एक असलेली तीन विवरे, आणि दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस पाहावे. चंद्र किंचित डोलत असल्यामुळे या हिशेबात काही अंशांचा फरक पडतो, पण आकाशाकडे पाहण्यापूर्वी बेत आखण्यास हा हिशेब पुरतो.

दुर्बिणीविषयी तू बरेच विचारले आहेस. सत्तर-ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची साधी दुर्बीण आणि शंभरच्या आसपास वर्धन देणारा एक आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) यांवर निदान वर्षभर काम होईल. स्टँड मात्र डळमळता नसावा.

कागदावर संपूर्ण चंद्र घेऊ नकोस. एकच विवर निवड आणि ते आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचे काढ, म्हणजे बारकावे मांडण्यास जागा राहील. विवराच्या कडेची फिकट रेषा आखल्यावर लगेच सावल्यांच्या सीमा नोंदव आणि तिथे घड्याळातली वेळ लिही. सीमारेषा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे १५ किलोमीटर सरकते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात विवराच्या तळावरची सावली आखडते आणि अंधारात असलेले शिखर अचानक उजळते. तासाभरानंतर सावल्या भरायला घेतल्यास एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या वेळा मिसळतात. दुर्बिणीपाशी छटा भरत बसण्याऐवजी प्रत्येक भागाच्या उजळपणाला आकडा द्यावा. त्यासाठी एल्गर या इंग्रज निरीक्षकाच्या नावाची मोजपट्टी आहे : गडद सावलीला ०, आणि अॅरिस्टार्कस विवरातल्या सर्वांत झगझगीत जागेला १०. पेन्सिलीने छटा नंतर घरात, पण त्याच रात्री भर. प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी दिसत असेल तर ती तशीच काढून बाजूला तसे लिही. मनातल्या मनात सुलटी करू गेल्यास हमखास घोटाळा होतो.

चित्रकलेचा आणि खगोलशास्त्राचा काय संबंध, असे तुझ्या घरी विचारतात म्हणून लिहितो. थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने १६०९ च्या जुलैमध्ये, म्हणजे गॅलिलिओच्याही आधी, दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढले. त्यात एक वेडीवाकडी सीमा आणि काही डाग एवढेच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रकलेत हात असलेल्या गॅलिलिओने त्याच डागांत सावल्या ओळखल्या, सीमेपलीकडे अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांना डोंगरांची शिखरे मानले, आणि सीमेपासूनच्या त्यांच्या अंतरावरून उंचीचा हिशेब केला. अर्धचंद्राच्या वेळी तो तूही करू शकतोस : त्या अंतराचा वर्ग चंद्राच्या ३,४७४ किलोमीटर व्यासाने भागावा. अंतर १०० किलोमीटर असेल तर उंची साधारण २.९ किलोमीटर येते. गॅलिलिओच्या चित्रात एक विवर प्रत्यक्षाहून बरेच मोठे उतरले आहे, तेव्हा प्रमाणाबाबत त्याचा कित्ता गिरवू नये.

एकच विवर पुन्हा त्याच प्रकाशात पाहायचे असेल तर पुढच्या महिन्यातल्या त्याच तिथीवर विसंबू नकोस. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने तोच प्रकाश पुढच्या महिन्यात सुमारे बारा तासांच्या फरकाने येतो, आणि तेव्हा चंद्र बहुधा आपल्या क्षितिजाखाली असतो. दोन महिन्यांनी, म्हणजे ५९ दिवसांनी, जवळपास तीच वेळ साधते.

आपल्याकडे पावसाळ्याचे महिने वायाच जातात. भाद्रपद-आश्विनात ढग फाटले तरी शुक्ल अष्टमीचा चंद्र दक्षिणेला कललेला असतो, आणि अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी घर असलेल्यांचे काही आकाश डोंगरच अडवतो. फाल्गुन-चैत्रात तोच चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर येतो, हवेचा थर कमी आडवा येतो आणि प्रतिमा स्थिर राहते. संकष्टीला गच्चीवर सगळे चंद्रोदयाची वाट पाहतात. तू मात्र आणखी दोन तास थांब, कारण क्षितिजालगतचा चंद्र दुर्बिणीत पाण्याखाली असल्यासारखा हलतो.

येत्या शुक्ल अष्टमीला फक्त अल्फोन्सस काढ. तारीख, सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, वर्धन आणि हवेची स्थिरता चित्राखाली लिही, आणि छायाचित्राशी ताडून काहीही दुरुस्त न करता ते मला पाठव. छायाचित्र आपण नंतर एकत्र बसून पाहू.

कळावे,
तुझा शुभचिंतक