जुने संच, नवा प्रकल्प : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात जुने संच जाऊन ६६० मेगावॅटचे तीन आले. नवी यंत्रे कोळसा कमी खातात असे सांगितले जाते. मग कोळशाच्या गाड्या कमी का झाल्या नाहीत? (एक वाचक, जि. नागपूर)

उत्तर : एका युनिट विजेमागे लागणारा कोळसा घटला आणि एकूण कोळसा वाढला, दोन्ही खरे आहे. कोराडीत पूर्वी १२० मेगावॅटचे चार, २०० चा एक आणि २१० चे दोन, असे सात संच होते. बेरीज १,१०० मेगावॅट. नवे तीन मिळून १,९८० मेगावॅट. शिवाय जुन्यातला सहावा संच नूतनीकरण करून ठेवला आहे, तो वेगळा.

जुन्या संचाला एक युनिट विजेसाठी साधारण २,७०० किलोकॅलरी उष्णता लागते, सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) नव्या संचाला २,२५० च्या आसपास. किलोला ३,५०० किलोकॅलरीचा कोळसा धरला तर ७७० ग्रॅमच्या जागी ६४० ग्रॅम पुरतात. आता पूर्ण भारावरचा हिशेब करा. सात जुन्यांना तासाला सुमारे ८५० टन लागले असते, तीन नव्यांना सुमारे १,२७० टन लागतात. म्हणजे वीज ८० टक्के जास्त, कोळसा ५० टक्के जास्त. एका मालगाडीत ४,००० टनांच्या आसपास कोळसा येतो, तेव्हा दिवसाला साडेसात गाड्या. आपल्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के, म्हणजे रोज अकरा-बारा हजार टन राख. म्हणून जनसुनावणीत ‘कार्यक्षमता किती’ याच्या आधी ‘एकूण टन किती’ हे विचारा.

प्रश्न : जुन्याच बॉयलर हाउसमध्ये, जुन्याच चिमणीवर नवा संच बसवला तर खर्च वाचणार नाही का?

उत्तर : नाही. पाया, उंची, वाफेचा दाब, काहीच जुळत नाही. २१० मेगावॅटच्या संचात वाफ १३० ते १५० बार (दाबाचे एकक) वर असते, ६६० मध्ये २४० बारच्या वर. जुन्यातले खरोखर उपयोगी पडते ते रेल्वेची साइडिंग, पाण्याचा हक्क आणि जमीन. त्यामुळे नवा संच शेजारी उभा राहतो आणि तो सुरू होईपर्यंत जुना चालू ठेवता येतो.

प्रश्न : बंद संच मोडण्याच्या कामावर जायचे आहे. धोका नेमका कुठे असतो? (एक फिटर)

उत्तर : सर्वांत मोठा धोका बॉयलरच्या रचनेतच आहे. बॉयलर जमिनीवर बसलेला नसतो. तापून खाली वाढायला जागा मिळावी म्हणून तो छतावरच्या गर्डरना हँगर रॉडने टांगलेला असतो. म्हणून ट्यूब आणि हेडर (ट्यूब जिथे जोडल्या जातात ते जाड नळ) खालून वर सोडवत जायचे, आणि सांगाडा वरून खाली उतरवायचा. वरचे हँगर आधी कापले तर शेकडो टन एकदम खाली येतात. कॉलम कमकुवत करण्याआधी रचनाकाराचा लेखी हिशेब हवाच. इंग्लंडमध्ये डिडकॉट येथे २३ फेब्रुवारी २०१६ रोजी पाडकामाची तयारी सुरू असताना बॉयलर हाउस कोसळून चार कामगार गेले.

गॅस कटर पेटवण्याआधी हे तपासा. जनित्र हायड्रोजनने थंड केलेले असेल तर आधी कार्बन डायऑक्साइडने हायड्रोजन बाहेर काढायचा, मगच हवा सोडायची. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असेल तर मिश्रण स्फोटक असते. बंकरमध्ये (कोळसा साठवायच्या टाकीत) राहिलेला कोळसा आपोआप धुमसतो, तो बंद करतानाच जाळून संपवायला हवा होता. राहिला असेल तर आत उतरण्याआधी कार्बन मोनॉक्साइड मोजा. ईएसपीच्या (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमध्ये, म्हणजे खालच्या नरसाळ्यात, साचलेली राख ओली झाली की वजन वाढते आणि हॉपर आधारासकट खाली येतो. ती आधी काढा, खाली उभे राहून नव्हे. सत्तरच्या दशकातल्या संचांत पाइपावरचे आवरण, दोर आणि गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे ओरबाडू नका. ओले करून दुहेरी पिशवीत भरा. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. परमिट (कामाचा लेखी परवाना) हातात नसेल तर काम नाकारा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : नव्या सुपरक्रिटिकल संचात शटडाउननंतर चार-सहा दिवसांत सुपरहीटरची (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाची) ट्यूब फुटते. वेल्डिंग नीट असूनही असे का?

उत्तर : वाकणापाशी एकदा तपासा. गरम वाफेमुळे ट्यूबच्या आत ऑक्साइडचा थर धरतो. ट्यूबचे ऑस्टेनिटिक पोलाद (एक प्रकारचे स्टेनलेस पोलाद) थंड होताना या थरापेक्षा जास्त आकसते, त्यामुळे थराच्या खपल्या सुटतात आणि टांगलेल्या ट्यूबच्या खालच्या वाकणात साचतात. संच पुन्हा सुरू झाला की त्या ट्यूबमधून वाफ अपुरी जाते, धातू तापतो आणि ट्यूब फुटते. फुटते ती जागा बहुधा वाकणाच्या पुढे, दूर असते. म्हणूनच वेल्डिंगवर संशय जातो.

पहिले कारण म्हणजे घाई. लीकेज लवकर हाती लागावे म्हणून ट्रिपनंतर (संच अचानक बंद पडल्यावर) पंखे चालू ठेवून बॉयलर जबरदस्तीने थंड केला जातो. तसे करू नका. डँपर (हवा-धुराच्या मार्गातली झडप) बंद करून त्याला सावकाश निवू द्या. बंद काळात खालच्या वाकणांची चुंबकीय तपासणी करा. ऑस्टेनिटिक पोलाद चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि खपल्या देतात, त्यामुळे साठा लगेच कळतो. शंका वाटेल तिथे रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी तपासणी) करा, आणि भरलेले वाकण कापून, साफ करून पुन्हा जोडा. सुरू करताना बायपासमधून (टर्बाइन टाळून जाणाऱ्या वाटेने) भरपूर वाफ सोडून खपल्या कंडेन्सरकडे, म्हणजे वाफेचे पाणी करणाऱ्या भागाकडे, ढकला. टर्बाइनमध्ये गेल्या तर पाती झिजतात. पहिले काही दिवस धातूच्या तापमानाचे थर्मोकपल शेजारच्या ट्यूबशी ताडून पाहा. एकच ट्यूब इतरांपेक्षा सतत तापलेली दिसली तर भार वाढवू नका.

प्रश्न : पाण्याचे काय? (एक शेतकरी)

उत्तर : २०१७ नंतरच्या संचांना नियमाने दर मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त ३ घनमीटर पाण्याची मुभा आहे. त्या मर्यादेवर ६६० चा एक संच पूर्ण भारावर दिवसाला ४.७५ कोटी लिटर पाणी घेईल. नागपूरचे भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या नव्या संचांना दिले जाते, ही चांगली सोय आहे. आपल्या भागात प्रकल्प येत असेल तर पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या महिन्यात किती, आणि दुष्काळात पहिली कपात कोणाची, हे करारातच लिहून मागा. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीच्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते.