कॅम्परव्हॅन घ्यावी की कार-हॉटेल बरं? नागपूरहून फिरणाऱ्या निवृत्त जोडप्यासाठी हिशेब

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही साठीपुढचे, हाताशी ३५ लाख, घरी चांगल्या स्थितीतली डिझेल कार, वहिनींचे गुडघे दुखतात आणि तुम्हाला शुगर. मिनीबसच्या बॉडीवर बांधलेली कॅम्परव्हॅन (आतच झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी) घ्यावी, की आहे त्या कारने हॉटेलं करत फिरावं? वर्षाला साधारण ६० रात्री आणि १० हजार किलोमीटर असा तुमचा अंदाज आहे. तोच धरून लिहितो.

आधी पैसे, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. "व्हॅन घेतली की हॉटेलचा खर्च वाचतो" हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. ३५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले (एकाच्या नावावर ३० लाखांची मर्यादा, म्हणून ३० तुमच्या आणि ५ वहिनींच्या नावावर) आणि दर ८.२ टक्के धरला, तर वर्षाला २,८७,००० रुपये व्याज येतं. ६० रात्रींनी भागा, रात्रीला ४,७८३ रुपये. आता ३,५०० ची खोली, तिच्यावर ५ टक्के जीएसटी आणि बाहेर खाण्याचे घरच्यापेक्षा जास्तीचे हजार रुपये धरा: ४,६७५. म्हणजे व्याजातच रोजची खोली आणि जेवण निघतं, वर मुद्दल शाबूत. व्याजावर कर लागू शकतो, तो तुमच्या पेन्शनवर ठरेल. तो वजा करूनही चित्र फारसं पालटत नाही.

आता व्हॅनच्या बाजूने वर्षाचा खर्च. गेलेलं व्याज २,८७,०००. विमा, सर्व्हिसिंग, टायरचा वाटा मिळून ८५,००० धरू. लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं तर इंधन ९०,०००. निम्म्या रात्री प्लग-पाण्याच्या जागेचे ८०० रुपये दिले तर २४,०००. आणि घसारा. जुन्या कॅम्परव्हॅनला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे ३५ ची गाडी पाच वर्षांनी २० ला गेली असं समजलं तर वर्षाला ३ लाख. बेरीज ७ लाख ८६ हजार. कारचं इंधन लिटरला १६ च्या हिशेबाने ५६,२५०, देखभाल २५,०००, खोल्या २,२०,५००, जेवण ६०,०००. बेरीज ३ लाख ६१,७५०. तफावत दुपटीहून जास्त.

मग व्हॅन परवडायला किती रात्री लागतील? दर रात्री सुमारे ४,२७५ रुपये वाचतात आणि जास्तीचा बोजा ६ लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला जवळपास १६० रात्री. नागपूरहून निघणाऱ्याला मध्य भारतात व्हॅनमध्ये सुखाने झोपता येईल असा काळ नोव्हेंबर ते मार्चचा मध्य, फार तर १३५ दिवस. तेवढे सगळे दिवस रस्त्यावर काढले तरी बरोबरी होत नाही. टोलही धरलेला नाही. मिनीबसच्या वर्गात फास्टॅग निघाला तर टोल कारच्या साधारण दीडपटीहून थोडा जास्त, आणि २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी. समृद्धीवर तर तो पास कारलाही चालत नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे.

म्हणून पैसे वाचवायला कॅम्परव्हॅन घेऊ नका. सोयीसाठी घ्यायची असेल तर कुठली सोय खरोखर मिळते ते बघू.

विजेपासून सुरुवात करतो, कारण व्हिडिओत हीच गोष्ट गुळगुळीत दाखवतात. समजा एप्रिलची रात्र, हिंगणघाटजवळ हायवेवरचा ढाबा. दिवसभर तापलेला पत्रा रात्री नऊलाही आत उष्णता सोडतोय. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला हजार-बाराशे वॉट खेचतो, नंतर सरासरी सातशेवर येतो. आठ तासांचे साडेपाच-सहा युनिट. इन्व्हर्टरमध्ये जाणारे दहा-पंधरा टक्के मिळवा, म्हणजे साडेसहा. १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी अडीच युनिटांची, म्हणून अशा तीन लागतात. छतावर ५०० वॉटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दोन-अडीच युनिट देतील. गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून) ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर पाच तासांत आणखी अडीच देईल. जमा पाच, खर्च साडेसहा, वर इंडक्शनवरचा स्वयंपाक एक युनिट. म्हणजे प्लग लागणारच.

ढाबेवाला प्लग देतो तो बहुधा ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. एसी आणि चार्जर एकदम लागले की एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, आणि त्याचा फ्रीज बंद पडला की तुमची रात्र संपली. त्यावर उपाय आहे: चार्जरची इनपुट मर्यादा ४-५ अँपिअरवर आणून ठेवायची आणि एसी बॅटरीवरून चालवायचा. प्लग लावण्याआधी पाच-दहा रुपयांच्या टेस्टरवर विसंबू नका. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ठेवा, तो अर्थिंग आहे का आणि फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत ना ते दाखवतो. अर्थिंग नसेल तर प्लग लावायचा नाही. ओल्या पायांनी लोखंडी पायरीवर चढणारे आपणच असतो.

लिथियम बॅटरी कुठे बसवली तेही बघा. पेशींचं तापमान साधारण ४५ ते ५५ अंशांपुढे गेलं की बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) चार्जिंग तोडतं. पश्चिमेच्या पत्र्याला चिकटून बंद खोक्यात बॅटरी ठेवली असेल तर मे महिन्यात दुपारी पॅनल भरपूर वीज देत असतं आणि बॅटरी ती घेतच नाही. लोक म्हणतात चार्जर खराब झाला. सीटखाली, खालून-वरून हवा खेळेल अशी जागा योग्य. (आपला कूलर चालेल का, असं बरेच जण विचारतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत चालतो, वीजही शे-दीडशे वॉटच, पण खिडकी उघडी ठेवावी लागते आणि रोजचं तीस-चाळीस लिटर पाणी आणायचं कुठून?)

पाणी आणि संडास. दोघांना मगाने आंघोळ, भांडी, हात-पाय, पिण्याचं मिळून रोज ५०-६० लिटर लागतं. शंभर लिटरची टाकी दोन दिवस पुरते. कॅसेट टॉयलेट (खालचा मैल्याचा डबा काढून रिकामा करायचा असा कमोड) १८-२० लिटरचं, कागद वापरणाऱ्या माणसांच्या हिशेबाने बनवलेलं. आपण जेट वापरतो आणि जेटने एका वेळी लिटर-दीड लिटर सहज जातं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा भरल्याची लाल खूण दिसते. मग वीस किलोचा डबा उचलून, परवानगी मागून, पंपाच्या किंवा हॉटेलच्या कमोडमध्ये ओतायचा. हे काम ड्रायव्हर करत नाही, वहिनींचे गुडघे करू देत नाहीत, म्हणजे ते तुमचं. जेट काढून छोटा मग ठेवला तर डबा तीन दिवस जातो. सेप्टिक टँकमध्ये रिकामा करायचा असेल तर फॉर्मॅल्डिहाइड नसलेलं रसायन घ्या, नाहीतर टाकीतले जिवाणू मरतात.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण धोरण आहे म्हणून पुढच्या मुक्कामी सोय असेल असं समजू नका. फोन करून तीनच गोष्टी विचारा: अर्थिंगसह १६ अँपिअरचा प्लग, नळ, आणि टॉयलेट रिकामं करायची जागा. "पार्किंग आहे ना साहेब, या की" हे या तिन्हींचं उत्तर नव्हे.

गुडघ्यांसाठी व्हॅन बरी, हा समज तपासून घ्या. चालत्या गाडीत पलंगावर आडवं होता येत नाही, बेल्ट लावून सीटवरच बसायचं. पायरी उंच असते. सोफा ओढून पलंग करायचा प्रकार असेल तर रोज रात्री टेबलाचा पाय काढा, फळी बसवा, गाद्या जुळवा, सकाळी उलट. महिनाभराने माणूस टेबल उघडतच नाही. पलंग कायमचा, जमिनीपासून ४५-५० सेंटीमीटर आणि दोन्ही बाजूंनी उतरता येणारा हवा. आडवा पलंग असेल तर आतली रुंदी मोजा. पावणेसहा फुटी माणसाला १.७ मीटरमध्ये पाय दुमडून झोपावं लागतं. आणि रात्री दोनला भिंतीकडच्या माणसाला उठायचं झालं की दुसऱ्याच्या अंगावरूनच जावं लागतं. नकाशात हे दिसत नाही.

आपल्याकडच्या जागांचंही बघा. ताडोब्यात सफारी जिप्सी-कँटरमधूनच, पचमढीतही बऱ्याच पॉइंटना स्थानिक जिप्सी लागते. व्हॅन दिवसभर बाहेर तापत उभी, आणि रात्रीही जंगलात नव्हे, गेटबाहेरच्या रिसॉर्टच्या आवारात. तिथे पैसे द्यायचेच, तर खोली का नको? व्हॅनला अर्थ येतो तो लांबच्या, मोकळ्या मार्गावर: राजस्थान, कच्छ, हिवाळ्यात, एकेका जागी तीन-चार दिवस.

तरी काही घरांत व्हॅन खरंच योग्य ठरते. लघवीची घाई अशी की पुढच्या पंपापर्यंत थांबवत नाही; खाण्याचं पथ्य कडक; किंवा कुत्रा सोबत आणि हॉटेलवाले घेत नाहीत. यातलं बरंचसं मात्र कारमध्येही बसतं. डिक्कीत घडीची कमोड खुर्ची आणि चेन लावायचा उभा छोटा तंबू. ३०-४० लिटरचा कंप्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रीज, त्याचा बॅटरी कट-ऑफ 'हाय'वर, म्हणजे कारची बॅटरी उतरायच्या आत फ्रीज बंद होतो आणि सकाळी गाडी स्टार्ट होते. इन्सुलिन असेल तर ते त्यात, पण गोठणाऱ्या भिंतीला न टेकता. उभ्या कारमध्ये एप्रिलच्या दुपारी अर्धा तासही ठेवू नका. भाताचा छोटा इलेक्ट्रिक कुकर घ्या, खिचडी-वरण खोलीत होतं. हॉटेलवाल्याला आधी विचारून.

हॉटेलचं बुकिंग ॲपवर बघा, पण फोन केल्याशिवाय पैसे भरू नका. खोली तळमजल्यावर की लिफ्ट आहे, आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? कमोड पाश्चात्त्य, शेजारी धरायला दांडी? गरम पाणी किती ते किती? वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा? रोज ३०० किलोमीटरच्या वर नको, चारला मुक्कामी पोचायचं. रोज सामान बांधण्यापेक्षा एका जागी तीन रात्री राहून आजूबाजूला फिरा. शेगावसारख्या ठिकाणी संस्थानचं भक्तनिवास स्वच्छ आणि स्वस्त आहे, तिथे हॉटेल कशाला? केरळ-हिमाचलसाठी कार नागपूरहून नेऊच नका. आपलं जंक्शन मध्यावर आहे, रेल्वेने जा आणि तिथे टॅक्सी करा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण लोअर बर्थचा कोटा आहे.

आणि एवढं वाचूनही मन व्हॅनकडेच ओढत असेल, तर आधी भाड्याने घ्या. दिवसाला दहा हजार धरले तरी दहा दिवसांचा लाख, म्हणजे वरच्या घसाऱ्याच्या चार महिन्यांइतकाच. पहिल्या दोन रात्री रामटेक-खिंडसीच्या बाजूला काढा, काही बिनसलं तर तासाभरात घरी. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट व्यावसायिक आहे ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आणि अपघातात विमा हात वर करतो. ड्रायव्हरसोबत मिळत असेल तर तो रात्री कुठे झोपणार हे आधी ठरवा, नाहीतर तुमच्या दोघांच्या सहलीत तिसरा माणूस पुढच्या सीटवर घोरत असतो.

विकत घेताना आरसीवर बॉडीचा प्रकार कॅम्परव्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन असा नोंदलेला हवा. प्रवासी मिनीबस घेऊन आतून बदलली आणि नोंद तशीच ठेवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (परवानगीशिवाय गाडीत बदल करायला मनाई) आडवं येतं आणि क्लेमही अडतो. आतल्या फर्निचर-बॅटरीची किंमत विम्याच्या आयडीव्हीत (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत) लिहून घ्या. लायसन्स एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) चालतं, गाडीचं भारासह वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर. पंचावन्ननंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं आणि वैद्यकीय दाखल्यासह, हे लक्षात ठेवून गाडीचं आयुष्य मोजा. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर व्हॅनमध्ये नको. गॅस हवाच असेल तर ५ किलोचं, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी भोक, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

ठेवणार कुठे? स्टिल्ट पार्किंगची उंची बहुतेक ठिकाणी अडीच मीटरच्या आतच, व्हॅन त्याहून उंच. लेआउटमध्ये घर असेल तर गेटची रुंदी आणि वरच्या तारा बघा. उन्हात उभ्या गाडीच्या छतावरच्या खिडक्यांचं सीलंट तडकतं, ते मे महिन्यात तपासा, जूनमध्ये गळायला लागल्यावर नाही. उंदीर वायरी खातात. बीएस-६ डिझेल इंजिन महिन्यातून एकदा दारात दहा मिनिटं सुरू करून ठेवल्याने भलं होत नाही, उलट डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) काजळी साचते; महिन्यातून एकदा वर्धा रोडला अर्धा तास साठच्या वर चालवा. टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी सहाव्या वर्षी बदला, विशेषतः समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर चालवणार असाल तर. तिथे हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, आतल्या शंभर लिटर पाण्याचं वजन धरून.