फ्रेममध्ये येणारा लोगो

तुझ्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संपादन, दोनदा पाहिला. ऐरोलीच्या खाडीतले मच्छीमार मनापासून टिपले आहेस. पण मागच्या काचेच्या इमारतीवरची कंपनीच्या लोगोची पाटी पाच वेळा येते, त्याबद्दल बोलू.

पहिल्यांदा ती येते तेव्हा जागा कळते: समोर खारफुटी, मागे आयटी पार्क. नवी मुंबई अशीच आहे, ते लपवू नकोस. ब्लर तर मुळीच करू नकोस, नजर उलट तिथेच जाते. दुसऱ्यांदा होडीतल्या काकांचा मुलगा तिथे रात्रपाळीला निघतो, म्हणून ती लागतेच. उरलेल्या तीन शॉट्समध्ये मात्र नवं काहीच कळत नाही. त्यातला ड्रोनचा शॉट बघ: खालून वर सरकणारा कॅमेरा, सोनेरी ऊन, नेमकं तिथेच चढणारं संगीत. ही जाहिरातीची भाषा झाली, तुझा हेतू कितीही स्वच्छ असला तरी. तो शॉट काढ, गोष्ट अडते का बघ. माझ्या मते अडत नाही.

आणि खरं सांग, शूटिंगसाठी गच्ची कोणी वापरू दिली? पैसे घेतले नसलेस तरी ती मदतच आहे. माझ्या पहिल्या फिल्मच्या वेळी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने अशीच गच्ची दिली होती आणि एडिट करताना त्यांची पाटी कापायला माझा हात धजेना. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीत एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी असलेलं, प्रेक्षकाला सहज न कळणारं महत्त्वाचं नातं उघड करावं लागतं. तुझी फिल्म जाहिरात नाही, तरीही सुरुवातीच्याच श्रेयनामावलीत त्यांचे आभार मान, शेवटच्या बारीक अक्षरांत नको.