सोसायटीच्या आवारात सोनचाफा की बकुळ?

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या सोसायटीचे आवार बरेच मोठे आहे. गेल्या पावसाळ्यात बागेच्या मधोमध असलेला जुना गुलमोहर उन्मळून पडला. त्याच्या जागी सावली देणारा, सुवासिक आणि देशी वृक्ष लावावा, असे सर्वसाधारण सभेत ठरले. मात्र सोनचाफा की बकुळ, यावर एकमत होत नाही. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सावली हा मुख्य हेतू असेल, तर बकुळच लावावी, असे मी निःसंकोचपणे सांगेन. सोनचाफाही आपलाच वृक्ष आहे आणि सह्याद्रीच्या जंगलात तो चांगला उंच होतो. परंतु रोपवाटिकांत आज सर्रास मिळतो तो कलमी सोनचाफा, आणि तो लवकर व भरपूर फुले मिळावीत म्हणून तयार केलेला असल्याने त्याच्याखाली बाक टाकून बसता येईल अशी सावली मिळण्याची अपेक्षा धरू नये. शिवाय मुळांशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही.

बकुळ ही चिकूच्या कुळातील सदाहरित वृक्षजाती. कोकण किनाऱ्यावर आणि घाटात ती मूळचीच असल्यामुळे खारा वारा व मुसळधार पाऊस तिच्या अंगवळणी पडलेला आहे. मोकळ्या जागेत ती १२ ते १५ मीटर उंच होते, माथा गोलसर आणि इतका दाट असतो की वैशाखातील दुपारीही खाली गारवा जाणवतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. पाकळ्यांचे चक्र देठापासून अखंड निसटते आणि मधोमध बारीक छिद्र राहते, म्हणून मुले सुई न घेताही ही फुले सहज ओवतात. वाळून तपकिरी झाल्यावरही त्यांचा वास जात नाही.

वाढ मात्र संथ असते, हे सभासदांना आधीच सांगून ठेवावे. त्यासाठी पाच-सहा फुटांचे निरोगी रोप आणावे. गुलमोहराचा बुंधा आणि कुजकी मुळे काढून टाकल्याशिवाय त्याच खड्ड्यात नवे रोप लावू नये, कारण तेथे वाळवी लागते. खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. मुंबईच्या आवारांत जमिनीखाली बांधकामाचा राडारोडा हमखास निघतो, तो पूर्ण उपसून चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे. इमारतीपासून किमान सहा मीटर अंतर ठेवावे. पहिला पाऊस जमिनीत मुरला की लागवड करावी आणि पुढील दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी द्यावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, चारी बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी राहू द्यावी आणि तिच्यावर बागेतलाच पालापाचोळा पसरावा. तसेच झाड लवकर उंच दिसावे म्हणून खालच्या फांद्या घाईने छाटू नयेत. त्या फांद्यांमुळेच खोड जाड होते. पुढे झाड मोठे झाल्यावर छाटणी करायची असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी घ्यावी.

प्रश्न : बकुळीचे रोप घरी बियांपासून तयार करता येईल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : येईल. पिकून नारिंगी झालेल्या फळांचा गर धुऊन काढावा आणि बी ताजे असतानाच पिशवीत पेरावे. रोप कमरेइतके होईपर्यंत ते जमिनीत हलवू नये.